बाजूची सीट

"स्पर्धेतून कप आणलात तर गाडी राहील. नाही आणलात तर भाऊजींना देऊन टाकायची," असं बायकोने चहा गाळता गाळता जाहीर केलं. माझ्याकडे न बघता. आमच्या घरात महत्त्वाचे निर्णय असेच, काहीतरी गाळता गाळता किंवा निवडता निवडता सांगितले जातात, आणि त्यावर अपील नसतं.

भाऊजी म्हणजे माझे साडू. त्यांचं फर्निचरचं मोठं दुकान आहे. माझी गाडी त्यांना हवी होती ती चालवायला नव्हे, दुकानाच्या काचेमागे ठेवायला. तिच्यात उशा आणि लोड रचून वर 'आरामात बसा' अशी पाटी लावण्याचा त्यांचा बेत होता. पाटी रंगवूनसुद्धा झाली होती. चांगल्या चालत्या गाडीचा असा सोफा होणार या कल्पनेने माझा जीव कासावीस होई, पण सांगणार कुणाला?

गाडी लहान आहे, हे मी नाकारत नाही. दोन सीटची, कापडी छपराची, इतकी बुटकी की दार न उघडता वरून पाय टाकून आत जाता येतं. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी तिला 'टब' म्हणतात. ती घरी आणली त्या दिवशी बायकोने गॅलरीतून बघून "छान आहे" एवढंच म्हटलं होतं, आणि लग्नाला इतकी वर्षं झालेली असूनही मी ते शब्दशः घेतलं.

आता स्पर्धेविषयी. हिला ऑटोक्रॉस म्हणतात. मोकळ्या मैदानात रस्त्याच्या कामावर असतात तसले नारिंगी शंकू मांडून वळणावळणाची वाट तयार करतात. त्या वाटेवरून एका वेळी एकच गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. जिला कमी वेळ लागला ती पहिली. शंकू पाडला की वेळेत दंड वाढतो. यात कुणी कुणाच्या अंगावर जात नाही, कुणी कुणाला मागे टाकत नाही. पाणीपट्टी मुदतीआधी भरणाऱ्या आणि लिफ्टमध्ये 'तुम्ही आधी' म्हणणाऱ्या माझ्यासारख्या माणसासाठीच हा खेळ कुणीतरी शोधून काढला असावा, असं माझं प्रामाणिक मत होतं. अजूनही आहे, थोडी दुरुस्ती करून.

तयारीची खरी सुरुवात आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी केली. काका वजनमापे खात्यातून निवृत्त झालेत. उभं आयुष्य त्यांनी दुकानदारांच्या तराजूतली खोट पकडण्यात घालवलं. निवृत्तीनंतर पकडायला काही उरलं नाही, आणि त्यामुळे माणूस सुकत चालला होता. माझ्या स्पर्धेची बातमी कानावर पडताच ते हुक असलेला काटा घेऊन खाली आले.

"हलकी गाडी ती जलद गाडी," काका म्हणाले. "बाकी सगळं थोतांड. काढा काय काय निघतंय ते."

मग निघायला लागलं. आधी जॅक, मग जादा चाक. मग पायपुसणी, रेडिओ, राखदाणी आणि राखदाणीतले आदल्या मालकाचे दोन खिळे. प्रत्येक वस्तू काका हुकाला अडकवत, डोळा बारीक करून काटा वाचत, आणि एका चिठ्ठीवर वजन लिहून ती चिठ्ठी त्या वस्तूला दोऱ्याने बांधत. बोल्ट निघाले तर बोल्टनासुद्धा चिठ्ठी. शेवटी त्यांची नजर माझ्या पोटावर स्थिरावली आणि त्यांनी कारण नसताना घसा खाकरला. तेव्हापासून मी रात्रीचं जेवण अर्धं केलं. उरलेलं अर्धं मी उभ्याने, फ्रिजचं दार उघडून जेवत असे, पण ते काकांना माहीत नव्हतं.

आमच्या घराण्यात काढलेली वस्तू टाकून देण्याची पद्धत नाही. त्यामुळे गाडी जसजशी हलकी होत गेली, तसतसं घर जड होत गेलं. जादा चाक पलंगाखाली गेलं, जॅक चपलांच्या कपाटात, रेडिओ बायकोच्या शिलाई मशीनवर. बायको कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली की वाटेतली एकेक चिठ्ठी वाचायची आणि पुढे व्हायची.

एका संध्याकाळी काका आमच्या हॉलमध्ये बसून आकडेमोड करत होते. "अजून एक मोठी गोष्ट शिल्लक आहे," ते म्हणाले. "बाजूची सीट. तिच्यावर बसतं कोण?"

"कुणीच नाही," मी म्हणालो. आणि ते खरंच होतं. त्या सीटवर कायम पाने-पकडी, फडकी आणि तेलाचा डबा असायचा.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मी तिकडे लक्ष दिलं नाही, कारण काका त्या वेळी वजनाचा अंदाज सांगत होते आणि तो फारच उत्साहवर्धक होता.

सीट काढली. धापा टाकत वर आणली आणि दुसरीकडे जागा नसल्याने हॉलमध्ये खिडकीशी ठेवली. बायको तिच्यावर जाऊन बसली. पाठ टेकून, हातांची घडी घालून, समोर भिंतीकडे बघत. "छान आहे की बसायला," मी कौतुकाने म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता ते कपाचं वाक्य आलं. हे अचानक कुठून उपटलं, याचा मी पुष्कळ विचार केला. साडूंनी कान भरले असणार, असा निष्कर्ष निघाला.

पुढचं संकट स्पर्धा भरवणाऱ्या क्लबच्या नियमांतून आलं. उघड्या गाडीला डोक्यामागे लोखंडी कमान पाहिजे, म्हणजे गाडी उलटली तरी चालवणाऱ्याचं डोकं जागेवर राहतं. जवळपास लोखंड वाकवणारा माणूस एकच, तो म्हणजे ग्रिलवाला. तो खिडक्यांच्या जाळ्या आणि बंगल्यांची फाटकं करतो. मी त्याला कागदावर कमान काढून दाखवली. त्याने कागद उलटासुलटा केला, मान डोलावली, आणि ठरल्या दिवशी कमान बसवून दिली.

कमान मजबूत होती. पण तिच्या दोन्ही बाजूंनी वेल वर चढली होती, वेलीला पानं होती, आणि बरोबर माझ्या डोक्यामागे एक भलंमोठं लोखंडी फूल उमललं होतं.

"अहो, मी साधी कमान सांगितली होती!"

"साहेब, नुसता दांडा बरा दिसतो का?" ग्रिलवाला दुखावला. "चार लोक विचारतील, कुणाचं काम आहे म्हणून. माझंही नाव आहे. फुलाचे पैसे नाही लावले तुम्हाला."

काकांनी वजनाचा हिशेब केला आणि बराच वेळ कपाळाला हात लावून बसले. रेडिओ, पायपुसणी आणि माझी रात्रीची अर्धी जेवणं मिळून जेवढं गेलं होतं, तेवढं सगळं त्या वेलीने परत आणलं होतं. सेक्रेटरी येऊन गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, "टबात कुंडी लावलीत? उत्तम!" अशा वेळी हसून साजरं करण्याखेरीज सभ्य माणसाच्या हातात काही नसतं.

आता सराव. शंकू कुठून आणणार? म्हणून मी घरोघरी जाऊन बादल्या मागितल्या आणि रविवारी सकाळी इमारतीच्या आवारात त्या मांडून गाडी फिरवू लागलो. प्लॅस्टिकची बादली ही निर्जीव वस्तू आहे असा माझा समज होता. पहिलीच बादली उडाली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरून "माझी बादली!" असा जो आक्रोश झाला, त्याने तो समज दूर झाला. प्रत्येक बादलीची मालकीण आपापल्या गॅलरीत पहाऱ्याला उभी होती. एवढ्या डोळ्यांखाली बादलीला धक्का लावण्याची कुणाची छाती होईल? मी बादल्यांना जपून वळायला शिकलो. वेग मात्र बैलगाडीचा राहिला.

तिसऱ्या दिवशी नोटीस लागली. 'काही सभासद स्वतःच्या वाहनाने इतरांच्या बादल्यांभोवती फेऱ्या मारताना आढळले आहेत. हे नियमात बसत नाही.' मी सेक्रेटरींच्या घरी गेलो.

"कोणत्या नियमात बसत नाही?"

"ते शोधतोय," सेक्रेटरी म्हणाले. मग थोडा वेळ चष्मा पुसत राहिले. "सगळ्या इमारतीच्या बादल्या घेतल्यात. आमच्या दारावरून दोनदा गेलात. आम्हाला विचारलंतसुद्धा नाही."

त्यांची बादली मी दोन्ही हातांनी स्वीकारली आणि सर्वांत मानाच्या वळणावर ठेवली. नोटीस संध्याकाळी उतरली.

स्पर्धेचा रविवार उजाडला. एका बंद कारखान्याच्या, मालट्रक उभे करायच्या मोकळ्या आवारात सगळी मांडामांड होती. मी आणि काका वेळेच्या आधी पोचलो. गाडीत एकच सीट असल्याने काका बसने आले. आमच्या गटात बऱ्याच गाड्या होत्या. त्यांत एक झगझगीत लाल गाडी होती आणि तिच्या मालकाने हातमोजे घातले होते. त्याने आमच्या कमानीवरचं फूल पाहिलं आणि तो सौजन्याने दुसरीकडे बघू लागला. हसला असता तर परवडलं असतं.

सुरुवातीला गाडीची तपासणी होती. तपासनीस म्हणजे एक किडकिडीत, अत्यंत मृदू बोलणारे गृहस्थ. असे मृदू बोलणारे लोकच घात करतात. त्यांनी बॅटरी हलवून बघितली, ब्रेक दाबून बघितला, मग कमानीला धरून दोन्ही पाय वर घेतले आणि क्षणभर लोंबकळले.

"मजबूत आहे," ते म्हणाले. "सूर्यफूल का?"

"ग्रिलवाल्याला विचारावं लागेल."

त्यांनी ते बहुधा लिहून घेतलं. मग आत वाकून बघितलं. "दुसरी सीट?"

"काढली. वजन कमी व्हावं म्हणून," मी काकांकडे अभिमानाने बघत म्हणालो.

"या गटात नाही चालत. बाकी काहीही काढा, बसायची सोय कारखान्यातून आली तशी पाहिजे. दोन्ही सीट."

"पण तिच्यावर कुणी बसतच नाही!"

"बसो न बसो," ते अतिशय मृदूपणे म्हणाले, "जागा असली पाहिजे."

काका आभाळाकडे बघू लागले. मी घरी फोन लावला. गाडी कायमची हातची चालली होती आणि माझा आवाज मला न विचारता चिरकत होता.

"अगं, ती सीट हवी आहे. ताबडतोब!"

"मी बसलेय तिच्यावर," बायको म्हणाली.

"मग ऊठ ना!"

"नाही. सीट येईल. पण मी उठणार नाही." आणि फोन बंद झाला.

साडू हरलेली गाडी परस्पर उचलून न्यायला ट्रक आणि दोन हमाल घेऊन निघालेच होते. ते वाटेत आमच्या घरावरून येणार होते. इकडे पहिली फेरी सुरू होऊन संपली, दुसरीही सुरू झाली. प्रत्येकाला तीन फेऱ्या होत्या, त्यातल्या दोन माझ्या डोळ्यांदेखत गेल्या. लाल गाडीवाला सुसाट जात होता, जाता जाता शंकू उडवत होता, आणि तरीही घड्याळावर, दंड धरण्याआधी, त्याचाच वेळ सर्वांत कमी लागत होता.

अखेर फाटकातून ट्रक आत आला. पाठीमागचा हौदा उघडा होता. हौद्याच्या मधोमध सीट होती आणि सीटवर माझी बायको बसली होती. मांडीवर पर्स, पाठ ताठ, दोन्ही बाजूंना एकेक हमाल. सगळं मैदान बघत राहिलं. ट्रक थांबला, पण ती उठली नाही. हमालांना सोफे उतरवण्याची सवय. "कोपरा सांभाळ रे," म्हणत त्यांनी तिला सीटसकट अलगद खाली ठेवलं.

"आता तरी ऊठ," मी कळवळून म्हणालो.

"एक विचारू?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दोन सीटची गाडी. एक तुमची. दुसरी कुणाची होती?"

मी गाडीतल्या रिकाम्या जागेकडे बघितलं.

"गाडी आली तेव्हापासून वाट बघत होते, एकदा तरी म्हणाल, 'चल, बस.' तिच्यावर तेलाचा डबा बसला. फडकी बसली. म्हटलं, असू दे. मग ती काढूनच टाकलीत. आणि काकांना काय सांगितलंत? कुणीच बसत नाही!"

"मला वाटलं, तुला आवडत नाही..."

"विचारलं होतंत?"

नव्हतं विचारलं. तपासनीस आपल्या कागदात डोकं खुपसून उभे होते, साडू बुटाच्या टोकाने खडी उकरत होते. मला इतकी लाज वाटली की कमानीवरचं फूलसुद्धा त्यापुढे काहीच नव्हतं. एवढा महिना मी वजन शोधत होतो आणि नेमकं तिलाच वजन धरलं होतं. चूक माझी होती, ती काकांच्या काट्यावर ढकलता येण्यासारखी नव्हती.

ती उठली. "चला, बसवा लवकर," म्हणाली, आणि बाजूला झाली.

काकांनी खिशातून चिठ्ठी बांधलेले चारही बोल्ट काढले. मी गाडीत उताणा होऊन पाना फिरवायला लागलो. स्पर्धकांनी एकदा चालत जाऊन वाट बघून ठेवायची असते. त्या वेळी मी तपासणीत अडकलो होतो आणि आता बोल्टखाली. बायकोला नुसतं उभं राहायचा कंटाळा. ती दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या मधल्या वेळात तपासनीसांना विचारून मैदानावर गेली आणि शंकूंमधून सावकाश, एकेक वळण बघत फिरून आली. लग्नघरात एकदा गेली की पाणी कुठे, चपला कुठे, मागचं दार कुठे हे तिच्या डोक्यात कायमचं बसतं. मला मात्र स्वतःच्या ऑफिसातून बाहेर पडताना अजून चुकून जिन्याऐवजी स्टोअर रूमचं दार उघडायची सवय आहे.

शेवटचा बोल्ट आवळला तेव्हा माझं नाव पुकारत होते. मी हेल्मेट घातलं आणि समोर बघितलं. नारिंगी शंकूंचं नुसतं रान होतं. कुठून आत, कुठून बाहेर, काही कळेना.

"अगं, वाट कशी आहे?"

"मला माहीत आहे," बायको म्हणाली.

साडू ऐकत होते. हमाल, हातमोजेवाला, सगळेच ऐकत होते. मी बाजूचं दार उघडलं आणि म्हणालो, "चल, बस."

"उशिरा का होईना," ती म्हणाली आणि पर्स साडूंच्या हातात देऊन आत बसली.

तपासनीसांनी तिला हेल्मेट दिलं. "बसायला हरकत नाही. पण वजन वाढेल."

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी गाडीकडे एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून पाहिलं. "आत्तापर्यंत एक पारडं खाली होतं," ते म्हणाले. "आता तराजू सरळ आहे. सोडा गाडी!"

झेंडा पडला. माझ्या बायकोबरोबर मी आजवर असंख्य रिक्षांतून, टॅक्सींतून आणि ऑफिसच्या मित्रांच्या गाड्यांतून गेलो आहे. चालवणारा कुणीही असो, ती मागून "हळू, हळू" म्हणत आली आहे. त्यामुळे पहिल्या वळणाला मी सवयीने ब्रेकवर पाय ठेवला.

"अहो, ब्रेक कशाला लावताय? जोरात!"

मी चमकून तिच्याकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघताय? पुढे बघा! डावीकडे. आणखी डावीकडे. आता सरळ, सोडा तिला! उजवीकडे. उजवीकडे म्हणजे तुमच्या नाही, खऱ्या उजवीकडे!"

मी चालवत नव्हतो, मी फक्त ऐकत होतो, आणि त्याचा मला पुष्कळ वर्षांचा सराव होता. गाडी पहिल्यांदाच दोन्ही बाजूंनी सारखी जमिनीला धरून वळत होती. शंकू हातभर अंतरावरून जात होते. डोक्यामागे वेल खडखड वाजत होती. "आता गोल! पूर्ण गोल! थांबू नका!" एकदा चाक शंकूच्या इतक्या जवळून गेलं की मी डोळे मिटले. "डोळे उघडा," ती म्हणाली. हेल्मेटमधून तिला ते कसं दिसलं, देव जाणे. शेवटच्या सरळ टप्प्यावर तिने डॅशबोर्डवर हात आपटत असा आरडाओरडा केला की घड्याळवालासुद्धा एक पाऊल मागे सरकला. आम्ही थांबलो तेव्हा ती हसत होती, धाप लागेपर्यंत, आणि मीही हसत होतो, कशाला ते माहीत नसताना.

पंच झेंडा घेऊन मैदानात धावले. वाटेवर काहीतरी पडलं होतं. त्यांनी ते उचलून आणलं. कमानीवरच्या फुलाची एक पाकळी होती. यावर दंड लावायचा की नाही, याची चर्चा सुरू झाली. हातमोजेवाल्याचं म्हणणं, पडलं ते पडलं. नियम चाळले गेले, दोन वडीलधारे सभासद बोलावले गेले. शेवटी किडकिडीत तपासनीस पाकळी हातात धरून मृदूपणे म्हणाले, "पाकळी म्हणजे शंकू नव्हे."

एकही शंकू पडला नव्हता. लाल गाडी आमच्यापेक्षा किंचित जलद होती, पण तिच्या सर्वांत जलद फेरीत तिने दोन शंकू पाडले होते. दंड मिळवल्यावर ती मागे गेली आणि आमच्या गटात आम्ही पहिले आलो! काकांनी टोपी उडवली. ती ट्रकच्या टपावर पडली आणि हमालांना वर चढावं लागलं.

कप लहान होता. साडूंनी तो तळहातावर घेऊन निरखला. "याला कप म्हणायचं?" त्यांनी शंका काढली. काकांनी तो आपल्या काट्याला अडकवला, वजन वाचलं आणि म्हणाले, "म्हणायचं." मग साडूंनीही मनापासून माझी पाठ थोपटली. माणूस वाईट नाही. ट्रक वळवायला सांगून ते आमच्या गाडीजवळ घुटमळले आणि तिच्या दारावरून हात फिरवू लागले.

"पाटी वाया गेली म्हणा," ते म्हणाले. "साडूभाऊ, निदान एक चक्कर तरी मारून आणा मला."

मी काही बोलण्याआधी बायकोने बाजूच्या सीटवर बसून पट्टा लावला आणि साडूंच्या हातातली पर्स मागून घेतली.

"भाऊजी, आणलं असतं हो," ती म्हणाली, "पण दोनच सीट आहेत."